दोन नावं एका पानावर

आमच्या वस्तीत प्रत्येकाला दोन नावं असतात, एक शाळेत लावायचं आणि एक मंडळीतलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च. माझे वडील शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, आधारवर बन्सी काशिनाथ पाटोळे, पण मंडळीच्या वहीत शांतवन. आई कागदावर मनकर्णा, तिकडं कृपा. मी निकिता, तिकडं सुवार्ता. धाकटा भाऊ आदिनाथ, तिकडं योहान. आणि ही दोन नावं एका पानावर कधी लिहायची नाहीत. हे कुणी बसून शिकवत नाही. तापलेल्या तव्याला हात लावायचा नाही हे लेकराला जसं कळतं, तसंच ते कळतं.

कारण साधं आहे. कागदावर आम्ही हिंदू मातंग. ख्रिस्ती म्हटलं की अनुसूचित जातीचा दाखला गेला. दाखला गेला की शिष्यवृत्ती गेली, नोकरी गेली. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण गावानं त्यांना कधी ख्रिस्ती मानलंच नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्यांच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतलं जायचं. वस्ती तीच, गावाच्या कडेची. मिरवणुकीत हलगी वाजवायचं बोलावणंही तेच. म्हणजे गावासाठी आम्ही मातंग, देवासाठी ख्रिस्ती, आणि सरकार म्हणतं यातलं एकच काय ते सांगा. मग आमच्या माणसांनी एक नाव सरकारला दिलं, एक देवाला. यात खोटं कोण बोललं ते तुम्हीच ठरवा. मला विचारलंत तर मी भांडेन.

मी आहेच भांडकुदळ. आई म्हणते, हिच्या जिभेला हाड न्हाई. पण आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याच जिभेचं कौतुक. घोडेगावच्या बाजारात शुक्रवारी ते व्यापाऱ्यांची जनावरं धरायचे, दात मोजायचे, गाडीत चढवायचे. आणि रविवारी कल्याण पाळक, म्हणजे आमचे पाद्री, दुसऱ्या गावाला गेले की मंडळीत उपदेश करायचे. चौथी शिकलेला माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पण बोलायला लागले की बायकांचे पदर डोळ्यांना जायचे. मी बारावी झाले तेव्हा म्हणाले, "निके, तू पाळक व्हय. तुझा आवाज हाय." वस्तीत लोक हसले. बाई आणि पाळक! मग तर मी हट्टालाच पेटले. आधी बी.ए. केलं आणि मग नगरला थिऑलॉजीच्या कॉलेजात नाव घातलं.

चूक झाली ती पहिल्या वर्षी. आमच्याकडं प्रवेश घेतल्यावर प्रत्येकाला आपली साक्ष लिहून द्यावी लागते. आपण देवाकडं कसे आलो, घरात विश्वास कुठून आला, हे दोन पानांत. बाकीच्यांनी आजारपणं लिहिली, स्वप्नं लिहिली. माझ्याकडं तसलं काही नव्हतं. माझ्याकडं आण्णा होते. मी लिहिलं, "माझे वडील बन्सी, मंडळीतले शांतवन, शुक्रवारी बाजारात जनावरं हाकतात आणि रविवारी देवाचं वचन सांगतात." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते तीनदा घोटून लिहिलं. सरांनाही आवडलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात ते छापून आलं, सोबत आमचा चौघांचा चर्चसमोरचा फोटो. मी त्या पानाचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि आदिनाथला टॅग केलं. एकशे चौदा लाइक आले. कल्याण पाळकांनी फोन केला. "अगं सुवार्ता, ते काढ." मी विचारलं, "का? लाज वाटती का तुम्हाला?" त्यांनी फोन ठेवला. अंगठा टेकवला असता तर दोन सेकंदांत ते पान गेलं असतं. नाही काढलं. जिभेसारखाच अंगठाही माझा वाकडा.

दोन वर्षांनी आदिनाथ वनरक्षक झाला. अनुसूचित जातीच्या जागेवर. घरात पहिली सरकारी नोकरी. संगमनेरच्या बाजूला त्याला जंगलाचं एक बीट राखायला मिळालं. खाकी घालून तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा आण्णांनी त्याच्या बुटांना हात लावून बघितला, आणि आई उगीचच घरभर फिरत राहिली. नोकरी पक्की व्हायला एकच गोष्ट उरली होती, जात पडताळणी. सहा महिन्यांत ते प्रमाणपत्र आणलं नाही तर नोकरी संपली.

आणि जानेवारीत तक्रार गेली. कर्जतकडचा वैजनाथ म्हणून पोरगा होता, यादीत आदिनाथच्या खालचा. आदिनाथ गेला की तो लागणार. त्यानं माझं फेसबुकवरचं पान छापून अर्जाला जोडलं होतं. बन्सी आणि शांतवन या दोन शब्दांखाली लाल पेनानं रेघ. त्या वैजनाथला शिव्या घालायला मला फार बरं वाटलं असतं. पण तोही आमच्याच जातीचा, त्याच एका दाखल्यावर उभा. शिव्या द्यायच्या तर मला स्वतःलाच द्यायला हव्या होत्या.

आदिनाथ कॉलेजच्या फाटकावर आला आणि तिथंच माझ्यावर ओरडला. "ताई, तुझ्या एका बोटानं माझी नोकरी खाल्ली. कुनी मागितलं हुतं तुला आन्नांचं नाव?" वॉचमन बघत होता. मी नेहमीसारखं फाडकन काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून काहीच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मी प्राचार्यांकडं गेले. म्हटलं, सर, काय करू? ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाले, "आपल्या वर्गात सव्वीस जण आहेत. कुणाकुणाच्या घरी असा कागद आहे ते हात वर करून सांगा म्हटलं, तर खाली राहिलेले हात मोजायला सोपे जातील." मी म्हटलं, "पण सर, मी पाळक होणार. मी साहेबांसमोर खोटं बोलू का?" ते म्हणाले, "मी तुला बोल म्हणणार नाही आणि बोलू नको असंही म्हणणार नाही." असलं उत्तर द्यायला तीन-तीन पदव्या कशाला लागतात, असं मी मनात म्हटलं. आता वाटतं, त्यांच्याकडंही दुसरं नव्हतं.

त्याच दिवसांत आमचं अंत्यविधीचं प्रॅक्टिकल चालू होतं. तिसऱ्या वर्षाला ते असतं. मागच्या मैदानात बाकावर चादर टाकायची, वर्गातला एक जण मेल्यासारखा पडायचा आणि दुसऱ्यानं पाळक होऊन त्याला माती द्यायची. मेलेल्याला हसू आवरत नाही, त्यामुळं निम्मा वेळ दंगाच. पण मी उभी राहिले की मैदान गप्प व्हायचं. सर म्हणायचे, हिच्या आवाजात माणूस खरंच गेल्यासारखा वाटतो. हे मी आण्णांना सांगितलं होतं. तेव्हा त्यांचं हृदय बिघडलेलं होतं, पाय सुजायचे, बाजार सुटला होता. ते पडवीतल्या बाजेवर उशाला टेकून बसले होते. म्हणाले, "मग माझी माती तूच दे. माझ्या बाबाशेजारी. नाव घिऊन दे, मोठ्यानं." मी म्हटलं, "देईन, पण घाई करू नका." ते हसले होते.

मार्चमध्ये पडताळणीचं दक्षता पथक घरी येणार असं कळलं. मी दोन दिवस आधी गावी गेले. घर ओळखू येत नव्हतं. भिंतीवरचा क्रूस गेलेला, तिथं त्याच आकाराचा पांढरा डाग. डागावर आदिनाथनं देवादिकांचं कॅलेंडर ठोकलं होतं. आजोबांच्या कबरीवरचा लाकडी क्रूसही त्यानं उपटून आणून माळ्यावर टाकला होता. आई मात्र शांत होती. तिचं माहेर हिंदूच. कुलदैवत कोणतं, मढीच्या जत्रेला कधी जातो, सुतक किती दिवस, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. ती आदिनाथला धडा दिल्यासारखं सांगत होती आणि तो मान हलवत होता.

मी म्हटलं, "मी काय बी बोलनार न्हाई. मला विचारलं तर खरं सांगीन."

आई माझ्याकडं वळली. आवाज न चढवता म्हणाली, "तुला देव हाय, तुझं कॉलेज हाय. त्याला काय हाय? पोराचं वाटोळं करून कुनाला माती देनार तू?"

आण्णा बाजेवरून ऐकत होते. दुपारी आई भांडी घासायला गेली, आदिनाथ वकिलाला फोन करायला बाहेर गेला, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. श्वास पुरत नव्हता, म्हणून तुकडे तुकडे करून बोलले. "निके, मला खोटं बोलता येत न्हाई. सायबानं मला इचारलं की मी शांतवन म्हननार. तोंडातून आपसूक निगतंय ते. म्हनून मला इचारायच्या आदी तू बोल."

"आण्णा, मी काय बोलू?"

"काय बी. पर माझ्या आदी बोल."

मला इतका राग आला. आदिनाथचा नाही, आईचा नाही, आण्णांचा. जन्मभर रविवारी रविवारी मला सरळ उभं राहायला शिकवलं आणि ऐनवेळी स्वतः बाजेवर पडून मला वाकायला सांगतात! मी तिथून उठून चर्चमागच्या कबरींत जाऊन बसले. आजोबांच्या कबरीवर क्रूस होता तिथं खड्डा दिसत होता. मी पायानं माती ढकलून तो बुजवला आणि घरी आले.

साहेब आले ते सकाळी अकरा-साडेअकराला, दोन माणसं घेऊन. वयस्क, मऊ बोलणारे. आईनं चहा ठेवला तर म्हणाले, नको, आत्ताच घेतला. आमच्या वस्तीत येणारे सगळे साहेब आत्ताच चहा घेऊन आलेले असतात. त्यांनी आईला देवधर्म विचारला, तिनं सांगितला. आदिनाथला विचारलं, त्यानंही सांगितलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. त्यांनी कपाळाला बुक्का लावला होता. मग साहेबांनी पिशवीतून माझं ते पान काढलं, माझ्याच पुढं धरलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"शांतवन कोण?"

बाजेवर आण्णांनी हात टेकून उठायला सुरुवात केली होती. त्यांचे ओठ हलायला लागलेले मला दिसले.

"कुणी नाही, साहेब," मी म्हटलं. माझा तो मोठा आवाज, ज्याला मैदान गप्प व्हायचं, तोच. "ती गोष्ट आहे. कॉलेजात साक्ष चांगली दिसावी लागते. मी एकटीच ख्रिस्ती झाले, नगरला गेल्यावर. घरात कुणाला पटलेलं नाही. वडील ख्रिस्ती दाखवले की लोक टाळ्या वाजवतात, म्हणून लिहिलं. शांतवन नावाचा माणूस आमच्या घरात नाही, नव्हता."

"आणि हा फोटो?"

"ते मला भेटायला कॉलेजात आले होते. तिथल्या चर्चसमोर मी उभं केलं फोटोला."

इतकं सफाईनं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, सगळं शिकलेलं. साहेब लिहीत राहिले. मग पेन थांबवून बाजेकडं वळले. "बाबा, मुलगी म्हणते ते खरं?"

आण्णा अर्धवट उठलेले, एक हात बाजेच्या माचव्यावर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. आई पदर तोंडात धरून उभी होती.

"पोरगी म्हनती ते खरं," आण्णा म्हणाले. मग परत आडवे झाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

साहेब जाताना म्हणाले, हे प्रतिज्ञापत्रावर द्या. दुसऱ्या दिवशी मी आणि आदिनाथ नेवाशाला गेलो. टायपिंगवाल्यानं विचारून विचारून मजकूर केला. मी स्वेच्छेने व एकटीने धर्मांतर केले. माझे वडील बन्सी काशिनाथ पाटोळे हे हिंदू मातंग असून त्यांनी कधीही धर्मांतर केलेले नाही. शांतवन नावाची कोणतीही व्यक्ती आमच्या कुटुंबात नाही व नव्हती. वरील मजकूर मी ईश्वरसाक्ष शपथेवर लिहून देत आहे. मी खाली सही केली. आदिनाथ म्हणाला, "ताई, रस पितीस का?" त्याला माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं, बिचाऱ्याला. आम्ही दोघं स्टॅण्डसमोर उभं राहून उसाचा रस प्यायलो. मला तो गोड लागला, याची मला आजही किळस येते.

घरी येऊन मी आण्णांच्या उशाशी बसले. रोजच्यासारखी प्रार्थना करावी म्हणून त्यांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच काढून बाजूला ठेवला.

"नगं, निके."

"आण्णा, असं का करता? देवाला ठाऊक नाही का सगळं?"

"ठाव हाय म्हनून तर. आता कुठल्या तोंडानं जायचं त्येच्याकडं? तुझ्या बी न्हाई आन् माझ्या बी न्हाई."

मी वाद घातला. क्षमेवरचं सगळं पाठ होतं मला, परीक्षेला पहिला नंबर होता त्यात. बोलले, बोलले, खूप बोलले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "चांगलं बोलतीस." बाजारात एखादी गाय बघून 'चांगली हाय' म्हणावं तसं म्हणाले, पण त्यात काही घ्यायचं-द्यायचं नव्हतं. त्यानंतर त्यांनी कधी प्रार्थना केली नाही. कल्याण पाळक प्रभुभोजनाची भाकर घेऊन आले, तर तोंड मिटून घेतलं. बायबल वाचून दाखवू का म्हटलं, तर डोळे मिटून घेतले.

एकोणीस दिवसांनी, सकाळी आठ वाजता, आई पेज भरवत असताना आण्णा गेले.

मी नगरहून पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आदिनाथ वकिलाशी फोनवर बोलत होता. फोन ठेवून माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले. "ताई, पुरायचं न्हाई म्हनत्यात. जाळायला लागंल. वैजनाथची मानसं नजर ठिवून हायत. आन् फोटो लागत्यात फाइलला. पानी पाजताना, अग्नी देताना, मडकं फोडताना. तुझा मोबाईल चांगला हाय."

मी त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता मी ओरडेन, आता सगळं मोडून टाकेन. मोठ्यानं नाव घेऊन माती देईन म्हणून शब्द दिला होता मी. नुसतं एक नाव मोठ्यानं घ्यायचं होतं. मग मला त्याच्या अंगावरचा शर्ट दिसला. घाईत त्यानं खाकीच घातला होता, वरची दोन बटणं उघडी. तेवीस वर्षांचं पोर. मी खिशातून मोबाईल काढला.

चितेभोवती आमची अख्खी मंडळी उभी होती. चाळीसएक माणसं. कल्याण पाळक पांढरा झगा न घालता चौकड्याच्या शर्टात आले होते, मागं, बाभळीच्या बाजूला. कुणी काही बोलत नव्हतं. आमच्या मातीला कधी असं नसतं हो. आमच्यात रडतातसुद्धा सुरात. आणि त्या शांततेत सुरेखामावशीच्या घशातून, आईची मानलेली बहीण ती, मातीचं गीत आपोआप बाहेर यायला लागलं. अगदी बारीक. शब्द नव्हते, नुसता सूर. दोन-तीन माना वर झाल्या. अजून एका बाईनं सूर धरला.

मी गेले आणि सुरेखामावशीच्या तोंडावर हात ठेवला. मी ठेवला, दुसऱ्या कुणी नाही. तिचे ओठ माझ्या तळव्याखाली अजून हलत होते. "गप, मावशी," मी म्हटलं, "गप." ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मला ओळखतच नव्हती.

मी अकरा फोटो काढले. मडकं फोडतानाचा हलला होता. वकील म्हणाले, चालेल. राख प्रवरासंगमला सोडली. त्याचेही तीन काढले.

मी परत कॉलेजात गेले. वर्गात बसत होते, परीक्षा दिली, पासही झाले. अंत्यविधीच्या तोंडी परीक्षेत पंचवीसपैकी चोवीस मिळाले. पाळकपदाच्या दीक्षेसाठी अर्ज करायचा होता, तो मी केला नाही. सरांना म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

जूनच्या शेवटी आदिनाथ आला. दुपारची वेळ होती, मी वसतिगृहाच्या पायरीवर मेथी निवडत होते. हातात पेढ्यांचा बॉक्स आणि प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये कागद. "आलं, ताई!" म्हणाला. जात वैधता प्रमाणपत्र. हिंदू मातंग, वैध. त्यानं ते मला तीनदा दाखवलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आपल्या भावाची नोकरी राहिली म्हटल्यावर कुणाला होणार नाही?

मग तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. मेथीची एक काडी घेऊन सोलत बसला.

"ताई, आता झालं ना सगळं. कागद मिळाला. रविवारी तू घरी ये. आपन आन्नांच्या नावानं मंडळीत उपासना करू. तू उभी रहा. आजोबांच्या शेजारी जागा हाय, तिथं नुसता दगड लावू. नाव लिहू. शांतवन." हे नाव त्यानं इतक्या हळू घेतलं की तो किती दिवस ते धरून बसला होता ते मला कळलं. "मला झोप लागत न्हाई, ताई. त्यांनी भिंतीकडं तोंड केलेलं दिसतंय. तू एकदा म्हन. तू म्हटलंस की झालं."

मी मेथी बाजूला ठेवली.

"आदी, दगडावर शांतवन लिहिलं, तर त्याचा फोटो कोण काढील?"

त्यानं हातातली काडी मोडली.

"उद्या कुणी परत तक्रार केली की प्रमाणपत्र रद्द होतं. पुढच्या वर्षी होईल, दहा वर्षांनी होईल. प्रमोशनला बसलास की कुणीतरी फाइल उघडणारच. तू नोकरीत आहेस तोवर शांतवन नाही. मी देवाची शपथ घेऊन लिहून दिलंय, नाही आणि नव्हता."

"मग कवा?"

"तू रिटायर झाल्यावर," मी म्हटलं. मला रागानं म्हणायचं होतं, टोचायचं होतं. पण माझ्या आवाजात राग आलाच नाही, ते साधंच निघालं, गाडीची वेळ सांगावी तसं. "तेव्हा मी साठीची असेन. तेव्हा ये. मी उभी राहीन आणि मोठ्यानं नाव घेईन."

आदिनाथ मांडीवर कागद ठेवून बोटांच्या पेरांवर मोजायला लागला. एकदा मोजलं. परत मोजलं.

"पस्तीस वर्षं, ताई."

"व्हय," मी म्हटलं. "पस्तीस."